सतरा नंबरच्या पान्याचा शेंदूर

माझ्या उस्तादला ऐकू येत नव्हतं. त्याची बायको सोडली तर अख्ख्या वाडीत ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, एक तो आणि दुसरा मी. माझ्या बायकोलासुद्धा मी कधी सांगितलं नाही. आणि हो, समोर असताना मी त्याला कायम 'तुम्ही'च म्हटलं. लिहिताना एकेरी येतंय. येऊ दे. त्यानं जे केलं त्यानंतर ते 'तुम्ही' माझ्या हातून उमटत नाही.

शहराबाहेरच्या आमच्या वाडीत अमरावती रोडच्या दोन्ही अंगांना गॅरेजंच गॅरेजं. तिथं उस्तादचं नाव होतं ते त्याच्या कानासाठी. चालू इंजिनाला लांब पेचकस टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "तिसऱ्याचं नोझल गेलं." नोझल म्हणजे डिझेलचा फवारा सोडणारी तोटी, चार सिलिंडरच्या गाडीत चार असतात. खोलून पाहिलं की तिसऱ्याचंच गेलेलं असायचं. सावनेर, पारशिवनी, कुठून कुठून लोक यायचे. कॉम्प्युटर लावून गाडी बघणारे शहरात शंभर झाले, पण जुन्या डिझेल गाडीवाल्यांचा भरवसा उस्तादच्या कानावर.

तो कान आठ वर्षांपूर्वी गेला. सगळा जन्म उघड्या इंजिनात डोकं घातल्यावर दुसरं काय होणार! एक दिवस त्यानं पेचकस टेकवला, डोळे मिटले, उघडले आणि माझ्याकडं बघितलं. गिऱ्हाईक बाजूला उभं. मला तर चार पावलांवरून स्पष्ट ऐकू येत होतं कुठलं सिलिंडर मार खातंय ते. माझ्या हातात हात पुसायचं फडकं होतं. त्यावर मी एक बोट सरळ केलं. "पहिलं," उस्ताद गिऱ्हाइकाला म्हणाला.

त्या दिवसापासून ते ठरूनच गेलं. तो पेचकस टेकवायचा, मी समोर उभा राहून फडक्यावर बोटं दाखवायचो. एक, दोन, तीन, चार. मूठ म्हणजे नोझल नाही, दुसरं काही. याबद्दल आम्ही कधी एका शब्दानं बोललो नाही. बोलणं तो समोरच्याच्या ओठांवरून ओळखायचा, त्यामुळं बाकी कुणाला संशय आला नाही. चहा आला की मात्र माझा ग्लास तो स्वतः आधी भरायचा. मला त्यात कमीपणा वाटत नव्हता, उलट अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू? मला काहीच येत नसताना त्यानं मला उभं केलं होतं. त्याचा कान व्हायला मिळतंय यात मी खूश होतो. बह्याड होतो, निव्वळ मूर्ख, दुसरं काय.

चौदा वर्षं मी तिथं काढली. मग कंबर बोलायला लागली. गाडीखाली शिरलो की बाहेर यायला कुणीतरी हात द्यावा लागायचा. गेल्या गणपतीत मी एक जुना पिकअप घेतला. इंजिन मी स्वतः ऐकून घेतलेलं, एकदम मस्त. शहरातल्या एका मोठ्या स्वयंपाकघरातून जेवणाचे डबे उचलून मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या कॅन्टीनला पोचवायचं काम मिळत होतं. दसऱ्यानंतर सुरू. अट एकच, साडेअकराच्या आत डबे पोचले पाहिजेत. दिवाळीपर्यंत बघू म्हणाले. तीनदा उशीर झाला तर दुसरा माणूस, नाही झाला तर काम कायमचं माझं. बेचाळिसाव्या वर्षी स्वतःचं काही करायची एवढी एकच संधी माझ्यापुढं होती. पुन्हा अशी येणार नाही हे मला कळत होतं.

उस्तादला सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. सांगितलं तेव्हा तो माझ्या ओठांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "जाय. पण खांडेनवमीले गाडी माह्या अंगणात लाव. शेवटली पूजा माह्या हातची होऊ दे." माझे डोळे भरून आले. मला वाटलं, बघा, किती मोठं मन आहे या माणसाचं.

खांडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. आमच्या गॅरेजात त्या दिवशी सगळे पाने, हातोडे, जॅक डिझेलनं धुऊन सतरंजीवर मांडायचे. उस्ताद तेलात शेंदूर कालवायचा आणि अंगठ्यानं प्रत्येक पान्याला टिळा लावायचा. बाकी लोक हळदीकुंकू वाहतात, तो शेंदूर लावायचा. तेलातला शेंदूर महिना महिना जात नाही, हात लावला की हाताला लागतो. आणि एकदा टिळा लागला की दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटेपर्यंत कुणी पान्याला हात लावायचा नाही. हा त्याचा नियम, आणि तो भलता कडक. एका वर्षी फाटकात ट्रक बंद पडला, ड्रायव्हर हातापाया पडला, तरी उस्ताद हलला नाही. "आज नाई. आज लोखंड आराम करते," एवढंच म्हणाला. ट्रक दोरी बांधून दुसरीकडं न्यावा लागला.

तर मी गाडी गॅरेजला लागून असलेल्या त्याच्या अंगणात लावली. त्यानं बॉनेटला टिळा लावला, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. किल्ली मी त्याच्याकडंच ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोनं दिलं, पाया पडलो आणि गाडी घरी आणली.

पहिले दोन दिवस काम झकास झालं. तिसऱ्या दिवशी खापरीच्या पुलावर चढताना गाडी भकभक करायला लागली. अंग झटकल्यासारखी हादरली आणि बंद. मागं हॉर्नचा कल्ला, डब्यांत वरण गरम, घड्याळात सव्वाअकरा. मी फिल्टरवरचा छोटा हातपंप मारला, डिझेल व्यवस्थित येत होतं. दहा मिनिटांनी चावी फिरवली तर चालू! जसं काही झालंच नाही. पोचलो तेव्हा पावणेबारा. कॅन्टीनमधल्या बाई म्हणाल्या, "दादा, लोकं ताटं घेऊन उभी आहेत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता मी मेकॅनिक माणूस. घरी आलो आणि कामाला लागलो. डिझेल फिल्टर बदलला. तळातलं पाणी काढलं. टाकी उतरवून धुतली, झाकणाचं हवेचं भोक तपासलं. पाइपात हवा शिरते का बघायला मधे सलाइनची नळी लावून बुडबुडे पाहिले. एक बुडबुडा नाही. रिकामी गाडी घेऊन हिंगणा रोडला चार चकरा मारल्या, कुठं अडली नाही. डबे भरून पूल चढताना मात्र अधूनमधून भकभक. सपाट रस्त्यावर गरीब गाय आणि जोर मागितला की मरायला टेकलेली. बंद करून उभी केली की दहा मिनिटांत पुन्हा शहाणी.

उस्तादला फोन केला. त्याला फोनवर कळत नाही, म्हणून त्याच्या बायकोला निरोप दिला. तो स्कूटरवर आला, पेचकस घेऊन. माझ्या अंगणात, माझ्या गाडीला त्यानं पेचकस टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. आणि मी! ज्याला पक्कं ठाऊक होतं की या माणसाला ढोल वाजला तरी कळत नाही, तो मी हात जोडल्यासारखा उभा राहून वाट बघत होतो, उस्ताद काय सांगतो. मला वाटलं, मुठीची थरथर त्याला कळत असेल. इतक्या वर्षांचा हात आहे.

"डिझेल पंप जाऊन राहिला गा," तो म्हणाला. "उतरवा लागते. आठ-पंधरा दिवस लागतीन."

"पण पंपाचा आवाज त चांगला येऊन राहिला, उस्ताद," मी ओठ नीट हलवत म्हणालो.

"तुले जास्त समजते का?" तो हसला. "तवरिक गॅरेजात येत जाय. घरी बसून काय करशीन?"

पंप मी उतरवला नाही, कारण पंप चांगला होता. तेवढा माझा कान मला खोटं सांगत नाही. पण गाडी दुसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मला माझ्या कानाचीच शंका यायला लागली. म्हटलं, याचं ऐकू येणं गेलं तसं आपलंही जाऊन राहिलं का? रात्री जेवण जाईना. बायको ब्लाउज शिवते. तिच्या मशीनचा आवाज ऐकत बसायचो आणि तपासायचो, सगळं येतंय ना.

तिसरी वेळ धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आली. कंपनीत दिवाळीचं खास जेवण होतं. डब्यांत गुलाबजाम, पाक हिंदकळतोय, आणि मी खापरीच्या पुलावर बॉनेट उघडून उभा. त्या दिवशी मी रस्त्यात गाडीला लाथ मारली. लोक बघत होते. पोचलो तेव्हा कॅन्टीनच्या बाईंनी नुसता सहीचा कागद पुढं केला. संध्याकाळी स्वयंपाकघरातून फोन आला, उद्यापासून दुसरी गाडी येईल. संपलं.

दिवाळीत मी उस्तादकडं फराळ घेऊन गेलो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "येऊन जाय गा," म्हणाला. "तुही जागा तशीच आहे. ते डबडं इकून टाक." आणि मी, चांगला घोडा माणूस, त्याच्या ओट्यावर बसून रडलो. तो माझी पाठ थोपटत होता. ते थोपटणं आठवलं की आजही माझ्या अंगाची आग होते.

गाडी विकायची ठरली. पण घेणाऱ्याला मी पुलावर मरणारी गाडी देणार नव्हतो. म्हटलं, रविवारी टाकीपासून पंपापर्यंत एकेक करून सगळं खोलतो. बायको अंगणात स्टुलावर बसून खोललेले नट-बोल्ट ताटलीत ठेवत होती. दोन तास गेले. काही सापडेना. तिनं फिल्टरच्या डोक्याकडं बोट केलं.

"काहून जी, हा एक काहून नाई खोलला?"

"त्यात बिघडासारखं काही नसते वं. पोकळ बोल्ट आहे, डिझेल पुढं जाते त्यातून. आमच्यात तो कोणी खोलत नाई."

"बिघडत नाई त मंग खोलाले काय जाते?"

तिच्या समाधानासाठी सतरा नंबरचा पाना लावला. बोल्ट वर उचलला आणि खाली भोकात बघितलं तर डिझेलमध्ये काहीतरी चमकलं. सायकलच्या बेअरिंगमधला छर्रा, ज्वारीच्या दाण्याएवढा. मी तो चिमटीत धरला आणि मला क्षणात सगळं कळलं. गाडी सावकाश चालते तेव्हा छर्रा तळाशी पडून राहतो, डिझेल बाजूनं जातं. जोर मागितला की डिझेलची धार वाढते, छर्रा उचलला जातो आणि बोल्टचं तोंड कधी अर्धं, कधी पुरतं बंद करतो. गाडी भकभकते, मरते. उभी केली की छर्रा आपोआप खाली पडतो. दहा मिनिटांनी गाडी शहाणी!

छर्रा तिथं चालत जात नाही. कुणीतरी ठेवल्याशिवाय तो तिथं येऊच शकत नाही. पण कोण? मी बोल्ट उलटसुलट करून बघितला. षटकोनी डोक्याच्या दोन कोपऱ्यांना तांबूस काहीतरी होतं. आधी वाटलं गंज आहे. अंगठ्यानं घासलं तर अंगठा केशरी झाला.

शेंदूर.

माझ्या घरच्या पान्यांना बायकोनं हळदीकुंकू लावलं होतं. शेंदूर फक्त एकाच माणसाच्या पान्यांना असतो. आणि गाडी त्याच्या अंगणात फक्त एकच रात्र होती. ज्या दिवशी पान्याला हात लावायचा नाही, त्या दिवशी लावला होता. टिळा ओला असताना सतरंजीवरचा सतरा नंबर उचलला होता. ज्या नियमापायी त्यानं फाटकातला ट्रक परत पाठवला, तो नियम त्यानं माझ्यासाठी मोडला! कारण त्याला ठाऊक होतं, त्या दिवशी असं कुणी करेल अशी शंका माझ्या मनात येणार नाही. आणि हेही ठाऊक होतं की हा बोल्ट मी खोलणार नाही. खोलायचा नसतो हे त्यानंच मला शिकवलं होतं.

"कोणं केलं?" बायकोनं विचारलं.

"उस्तादनं."

तिनं नट-बोल्टची ताटली खाली ठेवली. मग म्हणाली, "आपण त त्यायले फराळ नेऊन दिला."

सोमवारी सकाळी मी गॅरेजात गेलो. रात्रभर काय काय बोलायचं ते ठरवलं होतं, पार आईबापापर्यंत. तो खुर्चीवर बसून चहा पीत होता. मला बघून त्याचा चेहरा खुलला, त्यानं दुसरा ग्लास भरायला घेतला. मी छर्रा त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं बघितलं. नाही म्हणाला नाही, हे काय म्हणून विचारलं नाही. छर्रा बोटांनी फिरवला आणि म्हणाला, "आता सापडला तुले? मले वाटलं दोन दिवसांत काढशीन. माह्या हाताखालचा माणूस तू."

मी ओरडलोच.  "उस्ताद, माझं काम गेलं! तीन वेळा लोक ताटं घेऊन उभे राहिले माझ्यामुळं!"

"हळू बोल," तो म्हणाला. त्याला ऐकू येत नव्हतं, पण आजूबाजूची माणसं वळून बघत होती हे दिसत होतं. "तू गेल्यावर मी काय करणार होतो? लोकाईले सांगतो का, भैरा झालो म्हणून? दुकान बंद करतो?"

"मंग म्हणायचं होतं थांब म्हणून. तोंड नव्हतं का?"

तो माझ्या ओठांकडं बघत होता. "म्हटलं असतं त थांबला असता?"

थांबलो असतो. हेच तर! त्यानं नुसतं एकदा म्हटलं असतं तर मी गाडी विकून थांबलो असतो, कंबर मोडेपर्यंत थांबलो असतो. त्यानं मागितलं नाही. चौदा वर्षांत माझ्यावर तेवढाही विश्वास ठेवला नाही. छर्ऱ्यापेक्षा हे जास्त लागलं. मी छर्रा त्याच्या हातातून परत घेतला आणि खिशात टाकला.

तेवढ्यात फाटकातून एक जुना पिकअप आत आला. पारशिवनीकडचा, मातीनं माखलेला, आचके देत चालणारा. चालवणारा म्हातारा गाडी चालूच ठेवून उतरला आणि उस्तादच्या पाया पडायला वाकला. "खूप दुरून आलो जी. दोन गॅरेज झाले, कोणाले समजून नाई राहिलं."

उस्ताद उठला. पेचकस घेतला. बॉनेट उघडलं, एकेका नोझलला टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. बाकीचे मिस्त्री काम थांबवून बघायला लागले, नेहमीसारखे. मला गाडी फाटकात शिरतानाच कळलं होतं. दुसरं. शंकाच नाही.

त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं.

आठ वर्षं ज्या नजरेनं बघत होता तीच नजर. एवढं झाल्यावर, पाच मिनिटांपूर्वी एवढं झाल्यावर! त्याला खात्री होती. माझे दोन्ही हात खिशात होते आणि उजव्या मुठीत छर्रा होता. मी हात बाहेर काढला नाही. तो थांबला. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा उघडले. माझ्या खिशाकडं बघितलं. त्याच्या कपाळावर घाम आला.

"तिसऱ्याचं गेलं," तो म्हातार्‍याला म्हणाला.

म्हातार्‍यानं हात जोडले. त्यानं माझं काय बिघडवलं होतं? तो तिसऱ्याचं नवं नोझल टाकून तेच आचके घेऊन परत पारशिवनीला गेला असता. उस्तादवर भरवसा ठेवला म्हणून. जसा मी ठेवला होता.

"दुसरं," मी म्हणालो. तोंडानं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, मोठ्यानं.

सगळे माझ्याकडं वळले. उस्ताद वळला नाही. तो म्हातार्‍याला तीन बोटं दाखवत होता. "तिसरं बाप्पा, तिसरं. आत्ता खोलून देतो," म्हणत होता. म्हातारा एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागला. मी पुन्हा म्हणालो, अजून मोठ्यानं, "उस्ताद, दुसरं आहे." तो तसाच पाना शोधत राहिला. एका मिस्त्रीच्या हातातला हातोडा हळूच खाली गेला. म्हातार्‍यानं आत हात घालून गाडी बंद केली.

एकदम शांत झालं. ती शांतता उस्तादला कशी कळणार? त्याला कळले ते चेहरे. त्यानं एकेकाकडं बघितलं आणि शेवटी माझ्याकडं.

"काय म्हणला गा?" त्यानं विचारलं. भैरे लोक विचारतात तसं, गरजेपेक्षा फार मोठ्यानं.

मी खिशातून हात काढला आणि दोन बोटं वर केली. फडक्याआड नाही, सगळ्यांना दिसतील अशी.